नोकरीचे गाव आणि घरातील आजारी वडीलधारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज बोलण्याची आज्ञा केली तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा कार्यक्रम नुकताच आटोपला आहे. ज्या मुलामुलींस आपण टाळ्यांच्या गजरात बक्षिसे दिली, त्यांपैकी पुष्कळजण येत्या चार-पाच वर्षांत पुणे, बंगळूर, हैदराबाद किंवा समुद्रापलीकडे कोठे तरी नोकरीस जातील. आणि त्यांच्यामागे घरात मधुमेहाने थकलेली आई, गुडघे धरलेले वडील अथवा दिवसेंदिवस विसरत चाललेली आजी असेल. त्यांस बरोबर न्यावे की न न्यावे, आणि न्यावयाचे तर कसे, यासंबंधी आम्ही चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची इच्छा आहे. आनंदाच्या प्रसंगी हा विषय थोडा बेसूर वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु हे प्रश्न घराघरांत उभे राहतात ते नेमणुकीचे पत्र हाती पडल्यानंतर, सामान बांधण्याच्या गडबडीत. तेव्हा विचार करण्यास सवड नसते. म्हणून तो आज करू.

स्थलांतर आपणांस नवे नाही. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढील शंभर वर्षांत कोकणातून व घाटावरून माणसांचे लोंढेच्या लोंढे गिरणगावात उतरले. त्या काळी म्हाताऱ्या आईबापांस बरोबर नेण्याचा प्रश्न निघत नसे, कारण बहुतेकांस बायकोलाही बरोबर नेता येत नसे. गावकीच्या एका खोलीत पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने अंग टाकीत, खाणावळीत जेवत आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करीत. वडीलधारी माणसे गावीच राहत. आणि ती राहू शकत, कारण घरात थोरली भावजय असे, धाकटा भाऊ असे, हाकेच्या अंतरावर चुलत घराणी असत. मुंबईहून फक्त पैसा येई. सेवा गावातच होई. ती सेवा करणाऱ्या भावजयांचे नाव कोणत्याही स्मरणिकेत छापून आले नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आता गावचे चित्र पालटले आहे. धाकटा भाऊही चाकणला किंवा वाशीला कामास आहे. चुलत घराच्या दारास कुलूप आहे. राहत्या घरी दोनच वृद्ध माणसे, त्यांतील एक आजारी आणि दुसरे त्या आजाऱ्याची सेवा करून आजारी पडावयाच्या बेतात. पैसा पाठविणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तो क्षणात पोहोचतो. परंतु रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर गाडी कोणी काढावयाची, हा प्रश्न पैशाने सुटत नाही. म्हणूनच आजची मुले म्हणतात, “आईला बरोबरच नेतो.” ही भावना चांगली आहे. मात्र आम्ही अनेक घरांतील बैठकींस बसलो आहोत, आणि तेथे आम्हांस असे आढळले की या भावनेच्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. तो प्रश्न असा: मुलगा सकाळी साडेआठला घर सोडणार, सायंकाळी साडेसहाला परतणार; त्या मधल्या दहा तासांत आईजवळ कोण?

घर किती खोल्यांचे, भाडे किती, रुग्णालय किती लांब, या सर्व गोष्टींची चौकशी होते. या दहा तासांची होत नाही. गावी आईस एकटेपणा नव्हता असे नाही. पण तेथे दार उघडे असे, ओटीवर कोणी टेकत असे, दूधवाला थांबून विचारपूस करीत असे. बाराव्या मजल्यावरील बंद दाराआड दहा तास म्हणजे निराळी गोष्ट. तेथे खिडकीतून दिसते ती दुसरी इमारत. शेजाऱ्याची भाषा कानडी किंवा तेलुगू. उद्वाहनाची कळ दाबण्याचे भय. दूरदर्शनसंच चालू-बंद करण्यास दोन-दोन यंत्रे, आणि त्यांतील कोणते केव्हा दाबावयाचे हे नातवाखेरीज कोणास ठाऊक नाही. धडधाकट वृद्ध यातूनही मार्ग काढतात; बागेतील बाकावर चार समवयस्क शोधतात. जो उठून बागेपर्यंत जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी हे दहा तास कोणी तरी भरून काढावे लागतात.

ते कोण भरून काढणार? येथे आम्ही थोडे स्पष्ट बोलू. भगिनीवर्ग रागावणार नाही, पुरुषवर्ग कदाचित रागावेल. बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर न विचारताच ठरलेले असते, आणि ते उत्तर म्हणजे सूनबाई. तिची नोकरी असेल तर ती सुटते, नसेल तर शोधावयाची राहते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा जो कायदा केंद्र सरकारने २००७ साली केला, त्याच्या मूळ व्याख्येत निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांजवर ठेविली आहे; सुनेचा त्यात उल्लेख नाही. मुलगी मात्र आहे, हे लक्षात घ्यावे. आपल्या घरी व्यवहार नेमका याच्या उलट चालतो: मुलीस परकी मानून सोडून दिले जाते आणि सुनेवर सर्व भार येतो. त्याच कायद्याखाली उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरण आई-वडिलांस दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर करू शकते. आपल्यापैकी कोणावर ती पाळी न येवो. पण ज्या घरी तीन भावंडे आहेत आणि आई एकाकडे राहणार आहे, त्या घरी उरलेल्या दोघांनी काय द्यावयाचे, हे आई निघण्यापूर्वी एकत्र बसून ठरविले पाहिजे. पैसे देता येत नसतील तर दिवस द्यावेत. बहिणीने वर्षातून सहा आठवडे येऊन राहावे, म्हणजे वहिनीस माहेरी जाता येईल, किंवा निदान दुपारी सलग दोन तास झोपता येईल. ज्याच्याकडे आई आहे त्यास फोनवरून उपचाराचे सल्ले देणारी भावंडे आम्ही पुष्कळ पाहिली. रजा काढून येणारी फार थोडी.

पगारी माणूस ठेवणे हा दुसरा मार्ग. शहरांत रुग्णसेवेसाठी माणसे पुरविणाऱ्या संस्था आहेत; साधारणपणे बारा तासांची पाळी असते. परंतु हे माणूस वरचेवर बदलते, सणावारी गावी जाते, आणि त्यास आपल्या आईची भाषा येईलच असे नाही. म्हणून पहिला महिना घरचे कोणी तरी त्याच्या जोडीस असावे. इन्सुलिन टोचणे, मूत्रनलिका सांभाळणे ही शिकलेल्या परिचारिकेची कामे आहेत. सोबतीला ठेवलेल्या बाईकडून ती करवून घेऊ नयेत. या खर्चाचा आकडा घरभाड्याच्या आकड्याशेजारी लिहून मग नव्या पगाराकडे पाहावे. कित्येकदा असे दिसून येते की वाढलेला पगार या दोन आकड्यांतच संपतो. तसे झाले म्हणून नोकरी सोडावी असे आमचे म्हणणे नाही. पण हिशेब आधी दिसलेला बरा.

यानंतर आजाराकडे येऊ. सर्वच आजार एका मापाने मोजून चालत नाही.

ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे आणि ज्यास डायालिसिस चालू आहे, त्याच्या बाबतीत एकही दिवस गृहीत धरता येत नाही. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, हा क्रम गाव बदलले म्हणून थांबत नाही. आमच्या माहितीच्या एका घरी मुलाची बदली झाली. त्याने घर पाहिले, नातवाच्या शाळेचा प्रवेश पाहिला, आणि डायालिसिस काय, मोठे शहर आहे, कोठेही होईल, असे समजून वडिलांस शनिवारी घेऊन गेला. घराजवळच्या केंद्रात जागा मंगळवारपर्यंत नव्हती. शिवाय काविळीच्या बी व सी या दोन्ही प्रकारांचे आणि एचआयव्हीचे ताजे तपासणी-अहवाल पाहिल्यावाचून नव्या रुग्णास यंत्रावर घेत नाहीत. ते अहवाल गावी कपाटात राहिले होते. रविवारी रात्री वडिलांस श्वास लागला आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. ते वाचले, ही ईश्वरकृपा. अशा रुग्णाच्या बाबतीत प्रथम नव्या गावी केंद्रातील वार आणि वेळ लेखी पक्की करावी, त्यानंतर त्या केंद्राच्या जवळ घर पाहावे, आणि तिकीट सर्वांत शेवटी काढावे. जुन्या केंद्राकडून रुग्णाचे योग्य वजन, वापरीत असलेली औषधे आणि शेवटच्या काही वेळांची नोंद लिहून घ्यावी. ज्या हातावर फिस्ट्युला केला आहे त्या हातावर प्रवासात ओझे देऊ नये व त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये.

स्मृतिभ्रंशाची गोष्ट याहून कठीण, कारण तेथे रुग्ण स्वतःचे दुःख सांगू शकत नाही. अशा माणसाचा तोल बहुधा सवयीवर उभा असतो. देवघर कोठे, न्हाणीघर कोठे, रात्री उठल्यावर कोणत्या हातास भिंत लागते, हे तिच्या पायांस ठाऊक असते. डोक्यास ते आठवत नसले तरी चालून जाते. घर बदलले की हा आधार एका दिवसात जातो. गावी बऱ्यापैकी वावरणारी आजी शहरात येताच अगदीच बिघडली असे नातेवाईक म्हणतात. आजार एका दिवसात वाढलेला नसतो, आजवर तो त्या घराने झाकलेला असतो, एवढेच. सायंकाळ झाली की अशी माणसे अधिक बेचैन होतात. एक वृद्धा रोज सहाच्या सुमारास लुगड्यात कपडे बांधून दाराशी उभी राहत असे: “मला घरी जायचंय, गाईंची वेळ झाली.” घरचे तिला समजावीत की आई, हेच आपले घर, गाई विकून वीस वर्षे झाली, त्याने ती रडे. मग सुनेने एक युक्ती काढली. त्या वेळेस ती म्हणू लागली, “चहा घेऊन निघू या,” आणि चहा होईतो आजी गाठोडे विसरून जाई. या सुनेने कोणतेही पुस्तक वाचले नव्हते. अशा रुग्णास न्यावयाचेच झाल्यास तिची जुनी गोधडी, नेहमीचा पेला, देव्हाऱ्यातील तसबीर ही प्रथम न्यावीत आणि पलंग गावच्या खोलीत होता त्याच दिशेस मांडावा. न्हाणीघरात रात्रभर दिवा ठेवावा. खिशात किंवा गळ्यात नाव व मुलाचा दूरध्वनी क्रमांक, तोही त्या प्रांताच्या भाषेत लिहून, कायम असावा. एकाएकी दोन दिवसांत फारच गोंधळ वाढला, माणूस ओळखेनासे झाले, तर ते वयाचे किंवा नव्या घराचे मानून बसू नये. पुष्कळदा लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध हेच कारण असते आणि ते वेळीच उपचार केल्यास बरे होते.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे सर्वपरिचित. त्यांबद्दल दोनच गोष्टी सांगतो. औषधाचे दुकानी नाव आणि औषधाचे मूळ नाव या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या गावच्या दुकानात मिळणाऱ्या नावाची गोळी दुसऱ्या प्रांतात मिळेलच असे नाही, परदेशात तर नाहीच. म्हणून डॉक्टरांकडून मूळ नावे, मात्रा व वेळा लिहून घ्याव्यात. दुसरे इन्सुलिनचे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाचे असते, परंतु ते गोठू द्यावयाचे नसते. विमानप्रवासात ते हातातील पिशवीत न्यावे, सामानाच्या पेटीत नव्हे.

आणि पडणे. घरातील वृद्धाच्या खुब्याचे हाड मोडणे ही अनेक घरांत सर्व दुःखांची सुरुवात ठरते, आणि नव्या घरात रात्री न्हाणीघराकडे जाताना त्याचा धोका अधिक. भिंतीस पकडावयाचे दांडे, न घसरणारी फरशी, उंच शौचपात्र, उंबरा नसलेले दार, एवढ्यास फार पैसा लागत नाही. घरमालकाची परवानगी मात्र लागते. ती भाडेकरार करतानाच घ्यावी.

सरकारी सवलती व विमा यांसंबंधी थोडक्यात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आले. त्याचे पत्र आधारपत्रावरून मिळते. ज्यांस केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे त्यांनी दोहोंतून एक निवडावयाची आहे. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच ती चालते. म्हणून नव्या गावी घरापासून जवळचे असे रुग्णालय कोणते हे आधी पाहावे. यात बाह्यरुग्ण तपासणी व दरमहाची औषधे येत नाहीत, आणि वृद्धांचा बराचसा खर्च तर तोच असतो. नोकरीच्या कंपनीने आई-वडिलांचा सामूहिक विमा उतरविला असेल तर उत्तम; पण नोकरी सुटली की ते छत्र सुटते, हे विसरू नये. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्यविम्यास ६५ वर्षांची जी प्रवेशमर्यादा होती ती काढून टाकण्यात आली आणि आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली गेली. तीन वर्षेही वृद्धास थोडी नाहीत. तेव्हा स्वतंत्र विमा, परवडत असेल तर, मुलगा गाव सोडण्याची वाट न पाहता आजच उतरवावा. वडिलांस निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्यासाठी आता गावी खेप घालण्याचे कारण नाही. २०१४ पासून तो संगणकीय पद्धतीने कोठूनही देता येतो. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांनी टिपून ठेवावा.

आता परदेशाचा विषय. कारण बक्षीसपात्रांच्या डोळ्यांत आम्हांस विमानेच दिसत होती. “थोडा स्थिरावलो की आईला घेऊन जाईन,” असे विमानतळावर वचन देणारे तरुण खोटे बोलत नसतात. त्यांनी त्या देशाचे नियम वाचलेले नसतात, इतकेच. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर गेलेल्यास पत्नी किंवा पती व २१ वर्षांखालील अविवाहित मुले एवढ्यांनाच आश्रित म्हणून नेता येते. आई-वडील त्यात नाहीत. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळाले तरीही आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्वच लागते, आणि भारतीयांस तेथवर पोहोचण्यास किती वर्षे लागतात हे येथील अनेक पालकांस अनुभवाने ठाऊक आहे. पुढे आई-वडील तेथे स्थायिक झाले तरी ज्यांनी तेथे कधी काम केले नाही त्यांस वृद्धांच्या सरकारी विम्यात, तोही हप्ता भरून, शिरण्यास सलग पाच वर्षांचे कायम वास्तव्य लागते. इंग्लंडमध्ये कामाच्या परवान्यावर गेलेल्यास आई-वडिलांस आश्रित म्हणून नेता येत नाही. आणि तेथे स्थायिक झालेल्यांसाठीही ९ जुलै २०१२ पासून नियम इतका कडक झाला आहे की वृद्धास नित्याच्या कामांतही दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी सेवा मायदेशी पैसे खर्चूनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. भारतात पैसे देऊन माणूस मिळते, असे उत्तर तेथील अधिकारी सहज देऊ शकतो.

कॅनडात २०११ च्या अखेरीपासून आई-वडिलांसाठी एक विशेष परवाना आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षेपर्यंत राहता येते. मात्र मुलगा अथवा मुलगी तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी पाहिजे, किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा पाहिजे, आणि वैद्यकीय तपासणीही आहे. ऑस्ट्रेलियात निम्मी तरी मुले तेथे, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा अधिक मुले तेथे, असावी लागतात. साध्या वर्गातील प्रतीक्षा कित्येक दशकांची आहे आणि लवकर जाण्याच्या वर्गाचे शुल्क माणशी सुमारे पन्नास हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाते. शिवाय आरोग्यपरीक्षा आहेच. म्हणजे आई जितकी अधिक आजारी, तितके दार अधिक बंद. आखाती देशांत, जेथे आपल्या कोकणपट्टीतील पुष्कळ मंडळी आहेत, आई-वडिलांचा परवाना मुलाच्या पगाराशी व घराशी बांधलेला असतो, आणि मुलाची नोकरी गेली की त्या परवान्याचाही आधार जातो. तेथे औषधांचीही काळजी घ्यावी लागते. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी व आगाऊ परवानगी यांवाचून ती पिशवीत टाकू नयेत.

उरतो तो पाहुण्यांचा परवाना. आई सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. या काळासाठी घेतलेल्या प्रवासविम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, किंवा अगदी थोड्या रकमेपुरते घेतलेले असतात. तेव्हा मधुमेह असलेल्या आईस तेथे हृदयविकाराचा झटका आला तर येणारे बिल मुलाचे अनेक वर्षांचे शिलकी धन खाऊन टाकू शकते. विम्याचे कागद बारीक अक्षरांत छापलेले असतात. ती अक्षरे वाचण्यास चष्मा लावावा. आणखी एक गोष्ट बोलावयास नको वाटते. कित्येक आयांस परदेशी बोलावणे येते ते सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणास, नातवंड सांभाळण्यास. आनंदाने जावे. परंतु ज्या बाईचे स्वतःचे गुडघे चालत नाहीत तिच्या कडेवर दहा तास मूल देणे, याला आईला बरोबर नेणे असे म्हणू नये.

तर मग करावे काय? ज्यांस नेता येत नाही त्यांनी न नेणे ही काही बेइमानी नव्हे. मध्यम मार्ग आहेत. आई-वडिलांस अगदी महानगरात न नेता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, जेथे रुग्णालय आहे आणि भाषा आपली आहे, अशा ठिकाणी तळमजल्यावरचे छोटे घर घेऊन ठेवणे हा एक. आमच्या मते अनेकांस हाच अधिक सोईचा पडेल. जे भावंड जवळ राहते त्यास बाकीच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम देणे हा दुसरा. ही रक्कम उपकार म्हणून देऊ नये, त्याने गमावलेल्या पगाराचा वाटा म्हणून द्यावी. चांगला वृद्धाश्रमही आम्ही वर्ज्य मानीत नाही. ज्या घरी दिवसभर कुलूप असते त्या घरापेक्षा जेथे चार माणसे जेवावयास बरोबर बसतात ते ठिकाण बरे, असे काही वृद्धांनीच आम्हांस सांगितले आहे. समाज नावे ठेवील या भीतीने आईला बाराव्या मजल्यावर कोंडणे आम्हांस मान्य नाही. आणि समाज म्हणजे कोण, तर येथे बसलेले आपण सर्व.

न्यावयाचे असो वा ठेवावयाचे असो, ज्यांस नेणार त्यांस विचारले पाहिजे. हे सांगण्याची वेळ यावी याचे नवल वाटते, पण येते. “आई, आम्ही तुला घेऊन जाणार,” हे सांगणे झाले. विचारणे झाले नाही. आपली वडीलधारी मंडळी मुलास अडचण नको म्हणून “बरं” म्हणतात, आणि त्या “बरं”मध्ये होकार किती व नाइलाज किती हे घाईत कळत नाही. म्हणून आमची सूचना अशी की कायमचे नेण्यापूर्वी दोन महिने राहावयास न्यावे. तेही सुटीच्या दिवसांत नव्हे, जेव्हा घरचे सर्वजण कामावर असतात आणि बाहेर पाऊस किंवा थंडी असते अशा दिवसांत. त्या अवधीत गावचे घर विकू नये, भाड्यानेही देऊ नये, दारातली तुळस शेजाऱ्याकडे सोपवावी. दोन महिन्यांनी गावी परत आणावे आणि मग आठ दिवसांनी, मुलगा समोर नसताना, मुलीने किंवा भाचीने विचारावे. तेव्हा खरे उत्तर मिळते. नेल्यावरही शिमग्यास किंवा गणपतीस एकदा गावी आणण्याचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात धरावा. औषधाइतकाच तो आवश्यक आहे.

मंडळाने काय करावे यासंबंधी कार्यकारिणीपुढे आम्ही काही सूचना मांडल्या आहेत. आपली कुटुंबे कोणकोणत्या शहरांत आहेत याची यादी दर वर्षी याच स्मरणिकेत छापली जाते. तिच्यात यापुढे एक रकाना वाढवावा, की आपल्या शहरातील ज्ञातीतील आजारी वृद्धांस आठवड्यातून एक दुपार भेट देण्यास, किंवा रुग्णालयात दुभाषा म्हणून सोबत जाण्यास कोण तयार आहे. बंगळूरच्या रुग्णालयात “कळ कोठे येते?” हे मराठीत विचारणारे कोणी भेटले तर त्या माणसाचा निम्मा धीर परत येतो. चाकांची खुर्ची, रुग्णाचा पलंग, हवेची गादी, चालण्याची काठी या वस्तू काही घरांत काम संपून माळ्यावर पडून आहेत. त्या मंडळाकडे द्याव्यात, मंडळ त्या ज्यास हव्या त्यास विनामूल्य वापरावयास देईल व परत घेईल. शिष्यवृत्तिनिधीप्रमाणे यासाठी स्वतंत्र निधी असावा की नसावा यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत. आमचे मत असावा असे आहे, आणि शिष्यवृत्ती घेऊन नोकरीस लागलेल्यांनी त्यात प्रथम भर घालावी असेही आहे. ज्यांस हे पटत नसेल त्यांनी दुपारच्या सर्वसाधारण सभेत आपले म्हणणे अवश्य मांडावे; तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर चौथा आहे.

व्यासपीठाच्या डाव्या हातास मेजावर त्या रकान्याचे कोरे कागद ठेविले आहेत. पंगती बसण्यास अद्याप अर्धा तास आहे, तेवढ्यात ज्यांस नाव द्यावयाचे असेल त्यांनी द्यावे. आणि ज्यांच्या घरी असा प्रश्न आज उभा आहे त्यांनी आम्हांस येऊन भेटावे, आम्ही येथेच बसलो आहोत.